डिस्चार्जच्या आधी वकील गाठा: खान्देशातल्या रुग्णांसाठी मोफत कायदेशीर मदतीची वाट

वॉर्डात पेशंटच्या उशाशी बसलेल्या माणसाच्या डोक्यात दोन तऱ्हेचे प्रश्न असतात. ताप कधी उतरणार, ऑपरेशन लागणार का, हे तो राऊंडला आलेल्या डॉक्टरांना विचारू शकतो. पण योजनेत नाव असताना वर वीस हजार का मागितले? मालक म्हणतो, हात मशीनमध्ये गेला ती तुझीच चूक, मग मजुरी बुडाली तिचं काय? नवरा बेशुद्ध आहे, पैसे त्याच्या खात्यात आहेत, आणि बँक म्हणते त्यांची सही आणा. हे कुणाला विचारायचं? डॉक्टरला यातलं काही करता येत नाही, नर्सला वेळ नसतो आणि गावातला जाणता माणूस म्हणतो, 'जाऊ दे, कोर्टकचेरी आपलं काम नाही.'

या दुसऱ्या तऱ्हेच्या प्रश्नांसाठी वकील फुकट मिळतो, आणि तो कुणाच्या उपकारानं मिळत नाही. राज्यघटनेच्या ३९-अ कलमात तशी तरतूद आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा; तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, आणि तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती. तरी दवाखान्यातून तिकडे जाणारी माणसं थोडी, आणि जातात ती बहुतेक डिस्चार्ज झाल्यावर, घरी महिनाभर विचार करून. घोळ तिथंच होतो. रुग्णाच्या कामाचे बरेच दरवाजे पेशंट खाटेवर असेपर्यंतच उघडे असतात.

अमेरिकेत बॉस्टनच्या सरकारी रुग्णालयात १९९३ साली बालरोग विभागानं वकिलांनाच दवाखान्यात आणलं. दम्याची पोरं औषध घेऊन बरी व्हायची आणि ओलीच्या, बुरशीच्या घरात परत गेली की पुन्हा दाखल व्हायची. घरमालकाला दुरुस्ती करायला लावणारं कुणी असल्याशिवाय औषधाचा उपयोग नव्हता. आपल्याकडे मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली सुरू झालेलं 'दिलासा' केंद्र त्याच जातीचं: घरात मार खाऊन आलेल्या बाईवर मलमपट्टी होते, तिथंच समुपदेशन मिळतं आणि कायद्याचा रस्ताही दाखवला जातो. खान्देशात प्रत्येक वॉर्डाशेजारी वकिलाचं टेबल सापडणार नाही. म्हणून ते काम नातेवाइकालाच थोडं पुढं होऊन करावं लागतं. कसं, ते पुढे सांगतो.

आधी बघा, तुम्ही बसता का

कायद्याच्या १२व्या कलमात पात्र माणसांची यादी आहे. त्यात अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, स्त्री, बालक, दिव्यांग, औद्योगिक कामगार, पूर-दुष्काळ-भूकंपासारख्या आपत्तीत सापडलेला माणूस, मनोरुग्णालयात किंवा कोठडीत असलेली व्यक्ती हे सगळे येतात. यांना उत्पन्नाची अट नाही. या यादीत न बसणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे.

याचा खान्देशापुरता अर्थ नीट समजून घ्या. यावल-रावेरच्या तडवी भिल्लांपासून धडगाव-अक्कलकुव्याच्या पावरा-भिलांपर्यंत आणि नवापूरच्या मावची-गावितांपर्यंत सगळ्यांना जातीच्या दाखल्यावर वकील मिळतो. शेती किती, पगार किती, कुणी विचारायचं नाही. बाई असेल तर तेवढंही नको. नवऱ्याची दहा एकर केळी असली तरी ती बाई पात्रच. म्हणून घरात तक्रार कुणी करायची असा प्रश्न असेल आणि बिल आईनं किंवा बायकोनं भरलं असेल, तर पावतीही तिच्या नावावर घ्या आणि अर्जही तिच्या नावानं करा. ज्याचा हक्क त्याच्याच नावानं अर्ज, हे मात्र पाळा. नुकसानभरपाई नवऱ्याची असेल तर बायकोचं नाव पुढं करून चालत नाही.

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतूत आठवडा घालवू नका. कायद्याच्या १३व्या कलमाप्रमाणे उत्पन्नाबद्दलचं प्रतिज्ञापत्र पुरेसं धरता येतं. दाखला मागाहून जोडा.

अर्ज कसा करायचा

पेशंटला सोडून जाता येत नाही, ही खरी अडचण. म्हणून आधी १५१०० वर फोन लावा. ही विधी सेवेची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून आणि ॲपवरूनही अर्ज भरता येतो. पण माझं मत विचाराल तर घरातला एक माणूस तासाभरासाठी मोकळा करा आणि कोर्टात पाठवा. फोनवर 'अर्ज करा' एवढंच ऐकायला मिळतं. समोर बसलेल्या माणसाचं प्रकरण कशात मोडतं हे तिथं लगेच कळतं.

कोर्टाच्या गेटवर 'सरकारी वकील कुठे बसतात' असं विचारू नका, भलतीकडे पाठवतील. सरकारी वकील सरकारच्या बाजूनं खटला चालवतो. तुम्हाला हवं आहे विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस. तिथं न्यायाधीश दर्जाचा सचिव असतो आणि पॅनेलवर नेमलेले वकील असतात. ते एरवी खाजगी वकिलीच करतात. तुमच्या केसची फी त्यांना प्राधिकरण देतं. सोबत असतात विधी स्वयंसेवक, ज्यांना सगळे पीएलव्ही म्हणतात. हे वकील नसतात, पण अर्ज लिहून देणं, ऑफिसात सोबत येणं, कागद पोचवणं ही कामं करतात. पेशंट हलू शकत नसेल तर स्वयंसेवकानं वॉर्डात येऊन अर्ज घ्यावा, अशी विनंती करा. पेशंटला फक्त अहिराणी, भिली किंवा पावरी येत असेल तर ती बोलणारा माणूस मागा. म्हातारीनं तिच्या बोलीत सांगितलेली हकीकत आणि पोरानं मराठीत उरकलेली हकीकत यांत फरक असतो. नेमकी तारीख आणि कोण काय बोललं, ते म्हातारीलाच आठवत असतं.

लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेलं ते लिहून घेतात. अर्जासोबत आधार, जातीचा दाखला किंवा प्रतिज्ञापत्र, आणि दवाखान्याचे जे कागद हातात असतील ते जोडा. सगळे कागद जमेपर्यंत थांबू नका. अर्ज आल्यापासून ७ दिवसांत वकील द्यायचा की नाही हा निर्णय झाला पाहिजे, असा नियम आहे. अर्ज दिला की आवक क्रमांक घ्या. तो नसेल तर सात दिवस मोजायचे कुठून?

वकील मिळाला की वकिलाची फी, कोर्ट फी, टायपिंग, नकला, समन्सचा खर्च यातलं काही तुमच्या खिशातून जात नाही.

कागद, कागद आणि कागद

इथं जरा थांबतो, कारण सगळी लढाई यावरच असते. वकील कितीही हुशार असला तरी त्याच्या हातात केस पेपर नसेल तर तो काय करणार?

वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे रुग्णानं किंवा त्याच्या अधिकृत माणसानं मागितल्यावर डॉक्टरनं उपचाराचे कागद ७२ तासांत द्यायचे असतात, आणि दाखल रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपायचे असतात. तोंडी मागितलं तर 'उद्या या' हेच उत्तर येतं. लेखी द्या. अर्ज लांबलचक नको, एवढा पुरे:

'प्रति, वैद्यकीय अधीक्षक. माझी आई, नाव अमुक, वय अमुक, आपल्या रुग्णालयात या तारखेपासून या तारखेपर्यंत दाखल होती/आहे. आंतररुग्ण क्रमांक अमुक. तिचा संपूर्ण केस पेपर, नर्सिंग नोंदी, औषधांचा तक्ता, ऑपरेशनच्या व भुलीच्या नोंदी, संमतीपत्रं, सर्व तपासण्यांचे अहवाल आणि बाबवार बिल यांच्या नकला मला नियमाप्रमाणे ७२ तासांत द्याव्यात. नकलांचा खर्च भरण्यास मी तयार आहे.' खाली पेशंटची सही किंवा अंगठा, तुमची सही, मोबाईल नंबर.

दोन प्रती काढा. एकीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. घेत नसतील तर भांडत बसू नका. स्पीड पोस्टानं पाठवा, पावती जपा. नर्सिंग नोंदी आणि औषधांचा तक्ता नावानिशी मागायचा, कारण नुसतं 'फाईल द्या' म्हटलं की डिस्चार्ज कार्ड हातावर ठेवतात. रात्री दोन वाजता पेशंटला कुणी पाहिलं, ते डिस्चार्ज कार्डावर नसतं.

आणखी एक. केस पेपरवर कारण काय लिहिलं आहे ते दाखल होतानाच वाचून घ्या, नाहीतर वाचवून घ्या. शेतात पाणी भरताना साप चावला, घरच्यांनी आधी भगताकडे नेलं, मग उशिरानं ग्रामीण रुग्णालयात. तिथं घाईत 'अनोळखी चावा' एवढंच लिहिलं गेलं. पुढे गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदानाचा अर्ज करताना या दोन शब्दांवरून गाडी अडते. ही योजना १० ते ७५ वयाच्या शेतकरी कुटुंबातल्या माणसाला लागू आहे. सर्पदंश, वीज पडणं, विजेचा धक्का यानं मृत्यू झाला तर २ लाख, एक हात, पाय किंवा डोळा कायमचा गेला तर १ लाख. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, आणि तो ३० दिवसांत. तेराव्यापर्यंत घर शुद्धीवर नसतं, हे सगळ्यांना माहीत आहे. तरी कुणीतरी एकानं मुदत लक्षात ठेवावी. नाकारलं गेलं तर तिथून पुढे विधी सेवेचा वकील कामाला येतो.

पेशंट दाखल असतानाच करायच्या गोष्टी

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना धुळेकरांना सगळ्यात आधी माहीत झाली. जुलै २०१२ मध्ये ती राजीव गांधींच्या नावानं सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत धुळे होतं. आता आयुष्मान भारतसोबत मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं कवच आहे, आणि पांढरं रेशन कार्डवालेही त्यात आहेत. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. त्याच्याकडे दाखल झाल्या झाल्या नोंद करा. बरे झाल्यावर बिलं नेऊन पैसे परत मिळवण्याची ही योजना नाही. ती कॅशलेस आहे, म्हणजे आधी नोंद आणि मग उपचार. गुजरात सीमेवरच्या लोकांनी लक्षात ठेवायचं: सुरतला नेलं तर आयुष्मान कार्ड तिथंही चालतं, फुले योजना राज्याबाहेर चालत नाही.

योजनेत मंजुरी आली आणि तरी 'डिपॉझिट' मागितलं, तर पावती मागा. छापील पावती देत नाहीत आणि चिठ्ठीवर आकडा लिहून देतात, तर ती चिठ्ठीही जपा. ऑनलाइन पाठवलेत तर कुणाच्या नंबरवर गेले त्याचा स्क्रीनशॉट. मग १५५३८८ वर तक्रार, तक्रारीचा क्रमांक, आणि योजनेच्या जिल्हा समन्वयकाला लेखी अर्ज. हा अर्ज विधी सेवेच्या स्वयंसेवकाकडून लिहून घेतला आणि एक प्रत प्राधिकरणात दिली की उत्तर लवकर येतं.

धर्मादाय ट्रस्टच्या दवाखान्यात वेगळा नियम आहे. उच्च न्यायालयाच्या योजनेप्रमाणे २००६ पासून अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या. त्यासाठी बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत जमा करायची. निर्धन म्हणजे वार्षिक १ लाख ८० हजारांपर्यंत उत्पन्न, दुर्बल म्हणजे ३ लाख ६० हजारांपर्यंत. तहसीलदाराचा दाखला लागतो, पण तातडीचा पेशंट असेल तर आधी दाखल करून स्थिर करायचा आणि कागद मागाहून. खाटा नाहीत म्हणाले तर 'आज किती खाटा राखीव, किती भरलेल्या, ते लेखी द्या' असं विचारा. मग सहायक धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज. हा प्रश्न नुसता विचारला तरी कधीकधी खाट सापडते.

मुख्यमंत्री सहाय्यता निधीचंही तेच: उपचार चालू असताना अर्ज, उपचारानंतर भरपाई नाही.

बिल भरलं नाही म्हणून पेशंट अडवला तर

मुंबई उच्च न्यायालयानं स्पष्ट म्हटलं आहे की बिलापायी रुग्णाला डांबून ठेवणं बेकायदा आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्ण हक्क सनदेतही डिस्चार्ज मिळण्याचा आणि मृतदेह ताब्यात मिळण्याचा हक्क आहे. याचा अर्थ बिल माफ झालं असा होत नाही. दवाखाना पैशासाठी दावा लावू शकतो, तो त्याचा हक्क. पण माणूस तारण ठेवता येत नाही.

प्रत्यक्षात काय कराल? आधी बाबवार बिल मागा, लेखी. जेवढं मान्य आहे तेवढं भरायची तयारी त्याच कागदावर लिहा. नंतर १५१०० ला फोन, आणि जिल्हा प्राधिकरणात माणूस पाठवा. सचिवाकडून किंवा पॅनेल वकिलाकडून दवाखान्याला पत्र किंवा फोन गेला की बहुतेक प्रकरणं तिथंच निवळतात. तरीही दाराशी अडवलं तर ११२ वर पोलिसांना फोन. बेकायदा अडवून ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या १२७व्या कलमाखाली गुन्हा आहे.

काच फोडू नका. खान्देशी रक्त तापट, गावाहून दोन गाड्या भरून माणसं येतात, आणि पाच मिनिटांत होत्याचं नव्हतं होतं. २०१० च्या राज्य कायद्याप्रमाणे दवाखान्यात मारहाण-तोडफोड केली तर ३ वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई. तुमची बाजू कितीही खरी असली तरी त्यानंतर तुम्ही तक्रारदार राहत नाही, आरोपी होता.

तातडीच्या पेशंटला 'आधी पोलीस केस करा' म्हणून परत पाठवणं चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच परमानंद कटारा प्रकरणात सांगितलं आहे. मुंबई-आग्रा महामार्गावर शिरपूरच्या आसपास किंवा सुरत-नागपूर रस्त्यावर अपघात झालेल्यांच्या नातेवाइकांनी हे माहीत ठेवावं. मोटार अपघात न्यायाधिकरणातल्या दाव्याला कायद्यात ६ महिन्यांची मुदत आहे. रुग्णालयातल्या नोंदी आणि पोलिसांचे कागद यांवर तो दावा उभा राहतो, आणि जखमी माणूस विधी सेवेत पात्र असेल तर त्याला वकील फुकट मिळतो. टक्केवारीवर केस घ्यायला वॉर्डात येणारे 'एजंट' असतात. त्यांच्या कोऱ्या कागदांवर सही करू नका.

उपचारात हलगर्जी झाली असं वाटतंय

इथं मी जरा कडू बोलणार आहे. पेशंट गेला म्हणजे डॉक्टर चुकला असं होत नाही, आणि विधी सेवेचा चांगला वकीलही पहिल्या भेटीत हेच सांगेल. आधी कागद दुसऱ्या त्याच विषयाच्या डॉक्टरला दाखवा. तो म्हणाला की इथं जी काळजी घ्यायला हवी होती ती घेतली नाही, तर पुढं चला.

पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते. सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये हा प्रश्न निकालात काढला. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार घटनेपासून २ वर्षांत करायची. दवाखान्याला दिलेले पैसे ५ लाखांपर्यंत असतील तर तक्रारीला फी नाही. २०१९ च्या कायद्यानं आपल्या लोकांची एक मोठी सोय केली: तक्रारदार जिथं राहतो तिथंच तक्रार करता येते. खान्देशातले गंभीर पेशंट नाशिक, सुरत, इंदूर, मुंबईला जातात. पूर्वी तिकडे खेटे घालायला लागायचे म्हणून लोक सोडून देत. आता सुरतच्या दवाखान्याविरुद्ध नंदुरबारला तक्रार करता येते.

सगळ्यांनाच फुकट उपचार देणाऱ्या सरकारी दवाखान्याविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही. तिथं दिवाणी दावा, आणि त्याआधी साधारणपणे सरकारला २ महिन्यांची नोटीस. ती नोटीस वकिलानंच लिहावी.

विम्याचा क्लेम नाकारला असेल तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, महिन्याभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी. आपल्यासाठी त्याचं कार्यालय पुण्याला. फी नाही, पण नकारापासून वर्षाच्या आत जायचं. तिथं वकील उभा राहू शकत नाही, पण अर्ज त्याच्याकडून लिहून घ्यायला कुणाची हरकत? 'आधीपासूनचा आजार' हे कारण दिलं असेल तर विमा घेताना भरलेल्या प्रस्ताव फॉर्मची नकल मागायला तो सांगेलच.

भाजलेली बाई, पडलेली बाई

'स्टोव्ह भडकला', 'जिन्यावरून पडली'. वॉर्डात हे वाक्य सासूच्या तोंडून येतं आणि केस पेपरवर तसंच चढतं. बाईला एकटीला विचारलं जावं, यासाठी माहेरच्यांनी डॉक्टरांना सांगावं. तिनं सांगितलेलं कारण तिच्या शब्दांत नोंदलं गेलं तर पुढे तोच मोठा पुरावा.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात तिला दिवाणी स्वरूपाचं संरक्षण आहे: घरातून काढू नये असा आदेश, खर्च, औषधोपचाराचे पैसे, मुलांचा ताबा. संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल बनवतो, अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जातो, पहिली तारीख साधारण ३ दिवसांत लागावी असं कायदा म्हणतो. तिला नवऱ्याविरुद्ध फौजदारी गुन्हा नोंदवायचा नसला तरी हा अर्ज करता येतो. कित्येक बायका केवळ 'पोलीस नको' म्हणून गप्प बसतात, त्यांना हे सांगा. महिला हेल्पलाइन १८१.

मनोरुग्ण, सिकलसेल, आणि बेशुद्ध माणसाचं बँक खातं

राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. खान्देशात एकही नाही. माणूस तिकडे गेला की इकडे सातबाऱ्यावरून त्याचं नाव हलवायला भाऊबंद टपलेले असतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या २७व्या कलमानं त्याला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क दिला आहे, आणि तो हक्क त्याला सांगणं हे रुग्णालयाच्या प्रमुखावर बंधनकारक आहे.

सातपुड्यातल्या घरांना सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार नवा नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया आहेत. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, यासाठी अर्ज करा. टक्केवारी कमी लावली किंवा टाळाटाळ झाली तर अपिलाला विधी सेवेची मदत घ्या. कॅन्सर, क्षयरोग, पक्षाघात, एचआयव्ही यामुळे कमावता न येणाऱ्यांना संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलमध्ये करता येतो; कुटुंबाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत ही त्यातली जाचक अट. कुपोषित मूल घेऊन पोषण पुनर्वसन केंद्रात राहणाऱ्या आईला बुडीत मजुरी मिळते, तीही मागून घ्यावी लागते.

आणि तो बेशुद्ध नवरा. डोक्याला मार लागून माणूस महिनोन्‌महिने कोमात असेल तर त्याचा पालक नेमायला आपल्याकडे थेट कायदा नाही. उच्च न्यायालयं अशा वेळी घटनेनं दिलेल्या आपल्या खास, म्हणजे रिट अधिकारात बायकोला किंवा मुलाला पालक नेमतात, म्हणजे खातं चालवता येतं, गरज पडली तर जमीन विकता येते. आपली याचिका औरंगाबाद खंडपीठात. तिथं उच्च न्यायालय विधी सेवा उपसमिती आहे. जिल्हा प्राधिकरणातून अर्ज पुढे पाठवता येतो. तयारी म्हणून डॉक्टरांचं प्रमाणपत्र, सगळ्या वारसांची लेखी संमती आणि मालमत्तेची यादी गोळा करायला लागा. घरातला एक जरी वारस फुरंगटून बसला तर काम लांबतं, म्हणून त्याला आधी विश्वासात घ्या.

लोकअदालतीत सही करण्याआधी

प्रकरण लोकअदालतीत ठेवलं जाईल. तडजोड होत असेल तर उत्तमच; एका दिवसात पैसे ठरतात. पण तिथला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. रक्कम, ती कधी मिळणार, पुढच्या उपचारांचा खर्च कोण देणार, हे कागदावर असल्याखेरीज सही करू नका. वाचून दाखवा म्हणा, दोनदा म्हणा.

वकील फोन उचलत नसेल, तारखेला येत नसेल तर सचिवाकडे लेखी सांगा. वकील बदलून मिळतो. त्यानं 'चहापाण्याचे' मागितले तर देऊ नका आणि तेही सचिवाकडेच लिहून द्या, कारण पॅनेल वकिलानं पक्षकाराकडून एक रुपयाही घ्यायचा नसतो. अर्जच फेटाळला तर कारण लेखी मागा आणि प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे, म्हणजे प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे, अपील करा. त्या अपिलालाही फी नाही.